उभ्या जागी उलटलेली ट्रॉली

यवतमाळ जिल्ह्यातल्या राळेगाव तालुक्यातल्या एका गावची ही गोष्ट. डिसेंबर महिना, कापसाची दुसरी वेचणी घरात आलेली. एका शेतकऱ्याची पंचवीस क्विंटल कापसाने भरलेली दोनचाकी ट्रॉली जिनिंगला निघाली आणि गावापासून फर्लांगभर अंतरावर पांदणीत, म्हणजे शेतांमधल्या कच्च्या वाटेवर, उलटली. ट्रॉली धावत असताना उलटती, तर तिचा विचार कोणी केला नसता. ही उभी असताना उलटली. समोरून कुटाराची, म्हणजे भुशाची, ट्रॉली आली, पांदण अरुंद, म्हणून ड्रायव्हरने ट्रॅक्टर डावीकडे धुऱ्याला, म्हणजे शेताच्या बांधाला, लागून घेतला आणि थांबवला. कुटारवाला निघून गेला, दोघांचं जाताजाता बोलणंही झालं. त्यानंतर ट्रॉली हळूहळू डाव्या अंगाला झुकत गेली आणि बाजूच्या हरभऱ्यात आडवी झाली. हुकाची पिन पिळवटून निघाली, त्यामुळे ट्रॅक्टर मात्र चाकांवरच राहिला. खाली कोणी नव्हतं.

"उभीच होती ना सर, हालली बी नाई," ड्रायव्हर सगळ्यांना हेच सांगत होता.

२०२४-२५ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये होता. म्हणजे ट्रॉलीत पावणेदोन लाखांहून जास्त किमतीचा माल होता आणि त्यातला बराचसा ओल्या मातीत लोळला. संध्याकाळपर्यंत गावात दोन निकाल लागले होते. पहिला, "ओव्हरलोड होती." दुसरा, "ड्रायव्हरचं लक्ष नव्हतं." पहिल्या निकालात मोठी अडचण अशी, की त्याच आठवड्यात हीच ट्रॉली, याच पांदणीने, भाव येईल म्हणून राखून ठेवलेलं तीस क्विंटल सोयाबीन घेऊन गेली होती. त्या खेपेलाही एका बैलबंडीला वाट द्यायला ती याच धुऱ्याला लागून उभी राहिली होती. डावं चाक चार बोटं रुतलं, इतकंच. पाच क्विंटल जास्त वजन असताना उभी राहिली आणि कमी वजनाला उलटली.

मी शिकवतो त्या अकरावीच्या वर्गात समतोलाचा धडा चालू होता, म्हणून हे प्रकरण मोजमाप करून तपासायला घेतलं.

काय मोजलं

ट्रॉलीचा साचा तीन मीटर लांब, १.८ मीटर रुंद. त्याचा तळ जमिनीपासून एक मीटर उंच. दोन चाकांमधलं अंतर दीड मीटर. आसापासून हुकापर्यंत तीन मीटर. रिकाम्या ट्रॉलीचं वजन काट्याच्या पावतीवर चौदा क्विंटल. तिचा गुरुत्वमध्य, म्हणजे सगळं वजन जिथे एकवटलं असं धरता येतं तो बिंदू, जमिनीपासून पाऊण मीटरवर धरला. आस, चाकं आणि चॅसी हा सगळा जड भाग खालीच असतो, त्यामुळे हा अंदाज फार चुकीचा ठरू नये.

सोयाबीनची पोती साठ किलोची, पन्नास. चार थरांत मावली आणि तळापासून ८५ सेंटीमीटर उंच झाली. कापसाचं तसं नसतं. पायांनी कितीही तुडवला तरी घनमीटरला सव्वाशे किलोच्या आसपासच बसतो. पंचवीस क्विंटल म्हणजे वीस घनमीटर. त्यासाठी चारही बाजूंनी बल्ल्या उभ्या करून जाळी लावली होती. भार साच्याबाहेर फुगून २.१ मीटर रुंद, ३.४ मीटर लांब आणि तळापासून २.८ मीटर उंच झाला होता. त्याचा माथा जमिनीपासून ३.८ मीटरवर, घराच्या छपराहून वर.

पांदण डावीकडे सहा अंश उतरती होती. मिस्त्रीचा ओळंबा आणि लांब फळी घेऊन हे मोजता येतं. ट्रॉली उचलल्यावर डाव्या चाकाचा खड्डा मोजला, तो २८ सेंटीमीटर खोल निघाला.

पुस्तकातला नियम इथे कसा लागतो

वस्तू स्थिर राहायची तर दोन अटी. तिच्यावरच्या सगळ्या बलांची बेरीज शून्य आणि त्या बलांच्या आघूर्णांची, म्हणजे टॉर्कची (वस्तूला फिरवू पाहणाऱ्या जोराची), बेरीजही शून्य. पहिली अट उभ्या ट्रॉलीत जमीन आपोआप पाळते, जेवढं वजन तेवढं ती वर रेटते. गंमत दुसऱ्या अटीत आहे. गुरुत्वमध्यातून खाली सोडलेली लंबरेषा टेकूंच्या आतल्या जागेत पडते तोवर जमिनीचं रेटणं दोन्ही बाजूंना कमीजास्त वाटलं जाऊन टॉर्क शून्य राहतो. रेषा त्या जागेबाहेर गेली की कसंही वाटप केलं तरी हिशेब जुळत नाही.

ही टेकूंमधली जागा म्हणजे दीड मीटर रुंदीचा पट्टा, असं वर्गातल्या जवळजवळ सगळ्यांनी धरलं. दोनचाकी ट्रॉलीत ते खरं नाही. तिला टेकू तीन आहेत, दोन चाकं आणि पुढे हूक. म्हणजे टेकूंची जागा त्रिकोणी आहे आणि हुकाकडे जाता जाता ती निमुळती होते. ट्रॉली उलटते ती चाकाला हुकाशी जोडणाऱ्या तिरप्या रेषेवरून. भाराचा मध्य आसाच्या तीस सेंटीमीटर पुढे होता (एवढा पुढे ठेवावाच लागतो, नाहीतर बंडीसारखी ट्रॉलीही उलाळ होते आणि हूक वर उचलला जातो). त्या ठिकाणी मध्यापासून काठापर्यंत ७५ सेंटीमीटर मिळत नाहीत, ६७.५ च मिळतात. दहा टक्के स्थैर्य इथेच गेलं. चारचाकी ट्रॉलीवाले यावर खूश होतील, पण त्यांचा पुढचा आस वळणावर फिरतो तेव्हा त्यांचाही आधार एका बाजूने आखडतो.

आता उंची. सोयाबीनच्या खेपेत भाराचा मध्य १.४३ मीटरवर, ट्रॉलीसकट सगळ्याचा १.२१ मीटरवर. कापसाच्या खेपेत भाराचा मध्य २.४ मीटरवर आणि एकत्रित १.८१ मीटरवर. उलटण्याचा कोन काढायचा तर काठापर्यंतच्या अंतराला उंचीने भागायचं, तो भागाकार म्हणजे त्या कोनाचा टॅन. सोयाबीनला २९ अंश आले, कापसाला साडेवीस.

कापसाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट होती. भरताना कापूस एकाच अंगाने चढवला, डावीकडच्या बल्ल्या बाहेर वाकल्या आणि भाराचा मध्य सुमारे पंधरा सेंटीमीटर डावीकडे सरकला. ट्रॉलीसकट धरलं तर जवळजवळ दहा सेंटीमीटर. काठापर्यंतचे ६७.५ चे ५८ उरले आणि उलटण्याचा कोन साडेवीसवरून १७.७ वर आला. निघण्यापूर्वी ट्रॉलीच्या मागे दहा पावलांवर उभं राहून पाहिलं असतं तरी हे डोळ्यांना दिसलं असतं.

उताराचे सहा अंश आधीच खर्च झालेले. उरलेले ११.७ अंश चाक रुतून भरायचे तर दीड मीटरच्या अंतरात डावं चाक तीस सेंटीमीटर खाली जायला हवं. खड्डा २८ चा होता, त्यातून १६.८ अंश होतात. राहिलेला अंशभर फरक टायर दबण्यात आणि जाळीतला कापूस उताराकडे झुकण्यात सहज जातो. पोत्यांच्या थप्पीपेक्षा कापसाचा ढीग वाईट तो याचसाठी. ट्रॉली कलली की तो स्वतःही कलतो.

सोयाबीनच्या खेपेला उलटायला डावं चाक ५९ सेंटीमीटर रुतायला हवं होतं. चाकाची त्रिज्याच पन्नास. म्हणजे चाक आसापर्यंत चिखलात गेलं असतं, आस जमिनीला टेकला असता, आणि ट्रॉली तिरपी पण उभी राहिली असती.

खरा प्रश्न: चाक रुतलंच का

इथपर्यंतचं गणित परीक्षेत पैकीच्या पैकी गुण मिळवून देईल. पण ते शेवटचा क्षण सांगतं, त्याआधीची पाच मिनिटं सांगत नाही. लंबरेषा आधाराच्या आत होती, म्हणजे पुस्तकाच्या भाषेत ट्रॉली सुरक्षित होती. तरीही ती झुकत का गेली? जास्त वजनाची ट्रॉली कमी का रुतली?

याचं उत्तर चाकांवरच्या भारात आहे. दुसरी अट, टॉर्कची, पुन्हा लावायची, पण या वेळी उलटण्याच्या क्षणी न लावता सहा अंशांवर, ट्रॉली नुसती उभी असताना. एकूण भार ३९ क्विंटल, त्यातला दहावा हिस्सा हुकावर, उरलेले पस्तीस क्विंटल दोन चाकांवर. सपाट जागी आणि भार मधोमध असता तर प्रत्येकी साडेसतरा. सहा अंशांच्या उतारावर, भार डावीकडे सरकलेला असताना, डाव्या चाकावर पंचवीस क्विंटल येतात आणि उजव्यावर फक्त दहा.

आता सोयाबीन. एकूण ४४ क्विंटल, चाकांवर साधारण चाळीस. त्याच सहा अंशांवर डाव्या चाकावर साडेतेवीस, उजव्यावर सोळा.

वर्गात हा आकडा आला तेव्हा दोन पोरांनी हिशेब पुन्हा करून पाहिला. पाच क्विंटल जड असलेली ट्रॉली डाव्या चाकाला दीड क्विंटल कमी दाबत होती! उंच आणि कललेला भार खालच्या चाकावर जाऊन बसतो, हे सगळ्यांना ढोबळ माहीत असतं. पण एकूण वजनातला फरक पुसून वर उरावा इतकं ते असेल, असं मलाही आकडा निघेपर्यंत वाटलं नव्हतं.

दीड क्विंटल हा तसा लहान फरक. त्याने सुरुवात होते. पुढे काय होतं ते पाहा. डावं चाक थोडं रुततं, ट्रॉली अंशभर आणखी कलते, त्यामुळे डाव्या चाकावर आणखी भार येतो, ते आणखी रुततं. कापसाच्या ट्रॉलीत दर अंशाला डाव्या चाकावर सुमारे ८० किलो वाढतात, सोयाबीनच्या ट्रॉलीत ६० च्या आसपास. बारा अंशांवर कापसाच्या ट्रॉलीचं वाटप तीस आणि पाच होतं. १७.७ वर पस्तीस आणि शून्य, म्हणजे उजवं चाक जमिनीला नुसतं लागलेलं.

जमीन घट्ट असेल तर पहिल्याच पायरीला हे चक्र थांबतं. इथली जमीन काळी, बेसॉल्ट झिजून झालेली, पाणी प्यायली की फुगणारी आणि मऊ पडणारी. त्यात धुऱ्यापलीकडे हरभऱ्याला ओलीत चालू होतं. वरची वीतभर माती डिसेंबरच्या उन्हात वाळून कडक दिसत होती, भेगाही होत्या. खाली पाणी झिरपून लोणी झालेलं. अशी माती भार आल्याबरोबर पूर्ण दबत नाही, ती वेळ घेते. कापूसवाला बंडीला वाट देणाऱ्या खेपेपेक्षा जास्त वेळ थांबला, हाही फरक आहेच आणि तो मी नाकारत नाही. ड्रायव्हर म्हणतो "हालली बी नाई" ते खरं आहे, आणि न हालणं हाच तिथे धोका होता. सपकन पुढे गेला असता तर मातीला दबायला वेळ मिळाला नसता.

पिसाच्या झुकलेल्या मनोऱ्याचं दुखणं याच जातीचं. १९९० मध्ये तो लोकांसाठी बंद केला तेव्हा त्याचा कल सुमारे साडेपाच अंश होता आणि लंबरेषा पायाच्या आत व्यवस्थित पडत होती. पुस्तकाच्या नियमाने तो पडायला नको. भीती होती ती खालच्या मऊ मातीची. कल वाढला की झुकलेल्या बाजूच्या मातीवर भार वाढतो आणि त्या भाराने कल वाढतो. अभियंत्यांनी मनोऱ्याला टेकू लावून सरळ केलं नाही, उंच बाजूच्या पायाखालून थोडी थोडी माती काढली. कल सुमारे अर्ध्या अंशाने कमी झाला, आणि २००१ च्या डिसेंबरात तो पुन्हा उघडला. अर्धा अंश डोळ्याला दिसत नाही, पण तेवढ्याने त्या मातीवरचा भार हलका झाला.

वर्गात याची छोटी प्रतिकृती केली. लाकडी ठोकळ्याला खाली चार खिळ्यांचे पाय आणि मध्यातून लोंबणारा दोरा, टोकाला नट. फळीवर ठेवून फळी तिरपी केली की दोरा पायाबाहेर गेल्यावरच ठोकळा पडतो, अगदी नियमाप्रमाणे. मग उताराकडच्या दोन पायांखाली स्पंजचा तुकडा ठेवला. आता फळी पहिल्यापेक्षा कितीतरी कमी तिरपी असतानाच ठोकळा कलंडला. ठोकळ्याच्या माथ्यावर एक वजन चिकटवलं तर त्याहूनही आधी.

झुकायला लागल्यावर काय करता आलं असतं

त्या दिवशी दोन माणसं धावत आली आणि डावीकडून खांदा लावून उभी राहिली. सुदैवाने वेळीच बाजूला झाली. त्यांच्या बाजूने एवढंच म्हणता येईल, की सुरुवातीला खांदा खरोखर पुरतो. सीमेच्या अंशभर पुढे, म्हणजे १९ अंशांच्या आसपास, दोन मीटर उंचीवर लावलेला ८५–९० किलोचा जोर ट्रॉली धरून ठेवतो. दोन दणकट माणसं तेवढा लावू शकतात. पण आणखी एक अंश कलली की दीडशेहून जास्त लागतो आणि पुढच्या प्रत्येक अंशाला सत्तर किलोच्या वर भर पडते. पहिल्या क्षणी धरता आलं म्हणून माणूस तिथेच थांबतो, आणि मग एकोणचाळीस क्विंटल अंगावर येतात. खालच्या बाजूला कोणीही जायचं नाही. या एका बाबतीत तडजोड नको.

कोणीतरी ओरडलं, "पोट्टे वर बसवा रे!" विचार बरोबर, जागा चुकीची. साठ किलोची तीन पोरं वरच्या, म्हणजे उजव्या बाजूच्या फाळक्याला (साच्याच्या बाजूच्या भिंतीला) बाहेरून लटकली असती, तर बारा अंशांवर ट्रॉलीला सावरणारा टॉर्क एक तृतीयांशाहून जास्त वाढला असता. तीच पोरं ढिगाच्या माथ्यावर मधोमध बसली, तर ३.८ मीटर उंचीमुळे त्यांची लंबरेषा उलटण्याच्या रेषेपलीकडे पडते. म्हणजे ती ट्रॉलीला उलटायलाच मदत करतात. आणि वर बसलेल्या पोराला उडी मारायला जागा कुठे असते?

दोरी हाताशी असेल तर ती डावीकडच्या चॅसीला बांधून, ढिगावरून उजवीकडे घेऊन, उजव्या अंगाच्या झाडाला ताणायची. उजव्या चॅसीला बांधून काही होत नाही, जमिनीलगत ओढल्याने टॉर्क मिळतच नाही. नुसती जाळीला बांधली तर जाळीच फाटते. पण झाड जवळ हवं, दोरी जाड हवी आणि हे सगळं दहा अंशांच्या आत व्हायला हवं.

सगळ्यात स्वस्त उपाय ड्रायव्हरच्या हातात होता. चाक वीतभर रुतल्याचं दिसताच ट्रॅक्टर गिअरमध्ये टाकून सरळ पुढे घ्यायचा. त्याने मागे वळून पाहिलं नाही, एवढ्यापुरता गावाचा दुसरा निकाल मला मान्य आहे.

भरण्याचं गणित

त्या गावात बैलबंडीवर कापूस वाहिलेले एक धुरकरी काका अजून आहेत. त्यांना आकडे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "बंडी भारानं नाई उलथत बाप्पा, डोक्यानं उलथते." त्यांच्या काळी बंडी भरताना कापूस आधी कडेकडेने तुडवायचे आणि मग मध्ये भरायचे, म्हणजे ढीग एका अंगाला जात नसे. ट्रॉलीत आता मजूर घाईत, एका बाजूनेच चढवतात. काकांची पद्धत पाळली तरी या ट्रॉलीला जवळपास तीन अंश परत मिळतात आणि त्यासाठी एक पैसाही लागत नाही.

उंची कमी करण्याचा फायदा त्याहून मोठा. पंधरा क्विंटल भरला तर एकत्रित मध्य १.३१ मीटरवर येतो आणि उलटण्याचा कोन २७ अंशांपर्यंत जातो, जवळजवळ सोयाबीनएवढा. पण मग खेपा वाढतात, डिझेल वाढतं, आणि जिनिंगच्या फाटकावर रांगेत उभं राहण्याची मजुरी वेगळी. म्हणून पंधरा कोणी भरणार नाही, हे गृहीत धरूनच बोललं पाहिजे. वीस क्विंटल मधोमध भरला तर मध्य १.५६ मीटरवर आणि कोन साडेतेवीस अंश. आस बदलून चाकांमधलं अंतर दीड मीटरचं १.८ केलं, तर पंचवीस क्विंटललाही २४ अंश मिळतात. पण त्याचा खर्च होतो, आणि अरुंद पांदणीत रुंद ट्रॉलीला समोरच्याला वाट देताना धुऱ्याला आणखी चिकटावं लागतं, म्हणजे पुन्हा त्याच मऊ मातीत.

ट्रॉलीमालकाने आस बदलला नाही. तो आता वीस क्विंटल भरतो, कडेकडेने तुडवून. जिथे धुऱ्यापलीकडे ओलीत चालू दिसेल तिथे समोरच्यालाच थांबायला सांगतो आणि आपण पांदणीच्या मधूनच जातो. कुटारवाल्याला हे पटलेलं नाही. त्याचं म्हणणं, कुटार कापसापेक्षा उंच भरतात, मग धुऱ्याला आपण का लागायचं? कुटाराच्या ट्रॉलीचं मोजमाप पुढच्या वर्गाला दिलं आहे.